‘संगत कोन कसोटी’ की ‘संगत कोनांचा गुणधर्म’?

दोन रेषांना छेदिका, म्हणजे दोन्हींना छेदणारी तिसरी रेषा, छेदते तेव्हा तिच्या एकाच बाजूला, दोन्ही छेदनबिंदूंपाशी सारख्याच जागी येणारे कोन म्हणजे संगत कोन. भूमितीच्या सिद्धतेत विधानापुढे कारण म्हणून कधी ‘संगत कोन कसोटी’ लिहिलेले दिसते, तर कधी ‘संगत कोनांचा गुणधर्म’. हे दोन्ही समानार्थी मानून कोणतेही एक लिहिले तर चालेल का, असा प्रश्न आहे.

चालणार नाही. कोन तेच असले तरी पक्ष (दिलेले) आणि साध्य (सिद्ध करायचे) यांची अदलाबदल झालेली असते. रेषा समांतर असल्याचे दिलेले असेल आणि त्यावरून संगत कोन एकरूप ठरवायचे असतील, तर कारण ‘गुणधर्म’. कोन एकरूप असल्याचे हाती असेल आणि रेषा समांतर आहेत हे सिद्ध करायचे असेल, तर ‘कसोटी’. ही विधाने एकमेकांचे व्यत्यास आहेत, आणि व्यत्यास नेहमी खरा असतोच असे नाही: आयताचे कर्ण एकरूप असतात, परंतु समद्विभुज समलंब चौकोनाचेही ते एकरूप असतात.

घोटाळ्याचे मूळ, माझ्या मते, ‘संगत’ म्हणजे ‘एकरूप’ असे गृहीत धरण्यात आहे. हे नाव कोनांचे केवळ स्थान सांगते. दोन रेषा पुढे कुठेतरी छेदणार असल्या तरी छेदिकेने केलेले त्यांचे संगत कोन असतातच, फक्त त्यांची मापे वेगळी असतात. त्यामुळे कंसात नुसते ‘संगत कोन’ लिहिणे हे कारण होत नाही.

कसोटीला वेगळी सिद्धता लागते, ती व्युत्क्रम कोनांवरून, म्हणजे दोन रेषांच्या मधल्या भागात छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना येणाऱ्या कोनांवरून, पाहू. समजा, व्युत्क्रम कोन प्रत्येकी 70° आहेत आणि तरीही दोन्ही रेषा छेदिकेच्या एका बाजूला एकमेकींना मिळतात. मग त्या बिंदूपाशी एक त्रिकोण तयार होतो. व्युत्क्रम कोनांपैकी एक त्याचा बाह्यकोन ठरतो आणि दुसरा दूरस्थ, म्हणजे त्याला लगत नसलेला, आंतरकोन. बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठाच असतो, आणि येथे तर दोन्ही 70° आहेत. ही विसंगती आली, म्हणून रेषा मिळू शकत नाहीत. संगत कोनांची कसोटी यावरूनच विरुद्ध कोनांच्या (छेदनबिंदूपाशी समोरासमोर येणाऱ्या एकरूप कोनांच्या) आधारे मिळते, आणि छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज 180° असल्याची कसोटी रेषीय जोडीवरून (एका रेषेवरील लगतच्या, 180° बेरजेच्या दोन कोनांवरून).

प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनेही हा भेद काटेकोरपणे पाळला आहे. त्याच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात 27 आणि 28 ही प्रमेये कसोट्यांची आहेत, 29 वे गुणधर्मांचे. आणि समांतर रेषांविषयीचे प्रसिद्ध पाचवे गृहीतक (सिद्धतेशिवाय मानलेले विधान) त्याला प्रथम लागते ते 29 व्या प्रमेयात, त्याआधीची कसोट्यांची दोन्ही प्रमेये या गृहीतकाविना सिद्ध होतात.