पीककर्जातून गाडीचं डाऊन पेमेंट भरू नका

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. सात एकर कोरडवाहू वावर, पराटी (कापूस) आणि तूर. खर्च वजा जाता वर्षाला दीड-दोन लाख सुटतात, गावातल्या किराणा दुकानातून महिन्याला १८,०००. आई-वडिलांना महिन्यातून दोनदा यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून ६.८० लाखांची नवी गाडी घ्यायची आहे. ५ लाखांचं कर्ज ‘फक्त ७.५ टक्के फ्लॅट’ने मिळतंय; मुदत पाच वर्षं ठेवू की सात? शेवटी एक ओळ आहे: ‘वरचे १.८० लाख सोसायटीच्या पीककर्जातून भरतो, कर्जमाफी होणारच आहे.’

भाऊ, मुदतीचं नंतर बघू. तुम्हाला बुडवणार ती ही शेवटची ओळ.

३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं, तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. याहून स्वस्त पैसा तुम्हाला कुठेच मिळणार नाही. तो गाडीत घातला की भरायच्या वेळी हातात काही नसतं. सवलत गेली, व्याज सुरू, सिबिल खराब. आणि खरा मार जूनमध्ये बसतो. थकबाकीदाराचं नवं-जुनं, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलणं, होत नाही, मग बियाणं-खतासाठी कृषी केंद्राची उधारी, नाहीतर सावकार. पेरणीपासून वेचणीपर्यंत दीड लाख खर्च धरा, शेकडा तीन रुपये महिना, आठ महिने: ३६,००० नुसतं व्याज. तेही दर हंगामाला, थकबाकी फिटेपर्यंत.

कर्जमाफीच्या भरवशाचं म्हणाल, तर २०१७ आणि २०१९ च्या योजनांच्या अटी आठवा. २०१७ मध्ये मर्यादा दीड लाखाची होती. वरची रक्कम आधी स्वतः भरावी लागली. २०१९ च्या योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं, २ लाखांपर्यंतचंच कर्ज बसलं. व्याजासकट आकडा २ लाखांवर गेला की खातं बाहेर. तुमचे १.८० लाख दोन वर्षं थकले की व्याज धरून २ लाख ओलांडतात. तारीख आणि मर्यादा सरकार मागाहून ठरवतं. त्यावर घराचा हिशेब बांधता येत नाही.

आता गाडीचं कर्ज. फ्लॅट म्हणजे फिटलेल्या मुद्दलावरही व्याज. ५ लाख, ७.५ टक्के, सात वर्षं: व्याज २.६२ लाख, हप्ता ९,०७७. घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर धरला, तर हा दर जवळजवळ १३ टक्के पडतो. हे ‘स्वस्त’ म्हणून विकणं सरळ फसवणूक आहे. त्यात तुमच्या कोटेशनमध्ये २१,००० ची कर्ज सुरक्षा पॉलिसी (कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज फेडणारा विमा) कर्जातच घुसवली आहे, म्हणजे तिच्यावरही सात वर्षं व्याज. ती काढायला लावा. घरच्यांसाठी संरक्षण हवंच, पण ते साध्या टर्म विम्याने घ्या.

हप्ता ९,०००, महिन्याला ६०० किलोमीटर फिरलात तर पेट्रोल ३,५००, विमा-सर्व्हिसिंग-टायरचे २,५००. दुकानाच्या १८,००० मधले १५,००० गेले. दवाखान्याच्या दोन फेऱ्या भाड्याच्या गाडीने चार हजारांत होतात.

‘लग्नसराईत भाडं मारून हप्ता काढू’ असा विचार असेल, तर तोही सोडा. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाडीचा विमा खासगी वापराचा असतो. भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि जखमींच्या भरपाईची रक्कम तुमच्याकडून वसूल करायला बघते. तिथे वावर विकायची पाळी येते.

यंदा भाड्याच्या गाडीवर काढा. कापूस-तूर विकली की आधी सोसायटी भरा. मग उरलेल्यातून दीड लाख रोख आणि दीड लाख कर्ज, तीन वर्षांसाठी, घटत्या शिलकीवर. हप्ता पाच हजारांच्या आसपास येईल. तीन लाखांत बरी जुनी गाडी मिळते. पैसे देण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहा. असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. विमा चौदा दिवसांत नावावर करा, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे तो फरक आधीच बाजूला ठेवा.