फुरसे की मांजऱ्या?

प्रश्न : आमची हापूसची बाग देवगड तालुक्यात, सड्यावर (कातळाच्या पठारावर) आहे. पाऊस सरल्यावर बेणणी (बागेतले गवत कापणे) चालू असताना गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, तपकिरी, नक्षीचा साप दिसला. गडी “फुरसा, फुरसा” करत कोयती घेऊन धावले, पण मी मारू दिला नाही. पुतण्या म्हणतो, हा मांजऱ्या आहे, चावला तरी माणसाला काही होत नाही. त्याच गडग्यात त्याला कातही मिळाली. मोबाइलवरचा फोटो आणि कात पाठवत आहे. बागेत दहा माणसे राबतात. कोणाचे खरे मानू?
— एक वाचक भगिनी, ता. देवगड

उत्तर : ताई, फोटोतला साप विषारी फुरसेच आहे. पाकिटातली कात मात्र फुरशाची नाही. म्हणजे गडीही बरोबर आणि कातीपुरता पुतण्याही बरोबर. फक्त दोघे एकाच सापाबद्दल बोलत नव्हते.

फोटो हललेला आहे, तरी दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. अंगाच्या कडेने, पाठीवरून नव्हे, पांढरी नागमोडी रेघ गेली आहे. आणि डोक्यावर कोंबडीचे पाऊल उमटावे तशी फिकी खूण आहे. मांजऱ्याची नागमोडी नक्षी ऐन पाठीच्या कण्यावर असते आणि डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी, काळ्या कडांची खूण. मान बारीक, अंग सडपातळ, शेपटी लांब. फुरसे आखूड आणि जाडसर, आपल्याकडे बहुधा हात-दीड हाताच्या आतच. डोके तिकोनी दिसले की विषारी, हा ठोकताळा इथे उपयोगाचा नाही. तिकोनी डोके आणि मांजरासारखी उभी बाहुली दोघांनाही असते.

फुरसे डिवचले की वेटोळ्यांवर वेटोळी फिरवत अंगाचे खवले एकमेकांवर घासते. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो. तो ऐकलात की आहात तिथून मागे व्हा. मांजऱ्या असा आवाज काढत नाही. तो मान उचलतो, शेपटीचे टोक थरथरवतो.

आता कात. ती टेबलावर पसरून भिंगाखाली अर्धी संध्याकाळ घालवली. भरली अडीच फूट. अर्थात कात ताणली जाते, साप त्याहून आखूड असणार. फुरशाच्या एकेका खवल्यावर मधोमध उंच कणा असतो, कातीवर बोट फिरवले तरी खरखर लागते. ही गुळगुळीत आहे. डोक्यावर मोठाल्या ढाली आहेत. फुरशाचे डोके बारीक खवल्यांनी भरलेले असते. शेपटीच्या खालच्या बाजूला खवल्यांच्या दोन रांगा आहेत. फुरशाला तिथे एकच रांग. डोक्यावरच्या वायची पुसट छाया दिव्यासमोर धरल्यावर दिसली, म्हणून मांजऱ्या म्हणायला माझी हरकत नाही. पुतण्याने कात फेकून न देता जपली, याचे मला फार कौतुक वाटले.

दोघे एकाच गडग्यात कसे? जांभ्याच्या फटींमध्ये दोघांनाही दिवसा थंडावा मिळतो, रात्री पाली-सरडे मिळतात. फुरसे विंचूही खाते. आपल्या कातळसड्यांवर तर दगड उचलावा तिथे फुरसे, अशी त्याची वस्ती. पावसात जमीन निथळू लागली की ते झुडपावरही चढून बसते, तेव्हा नजर नुसती पायाशी ठेवून भागत नाही.

पुतण्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगा. “मांजऱ्या आहे, काही होत नाही” या वाक्यावर कुणी घरी बसू नये. २०१४ साली माझ्या चुलतवहिनीला पातेरा (वाळका पाला) गोळा करताना बोटाला चावा बसला. साप वीतभर, दुखणेही बेताचे, म्हणून घरच्यांनी हळद लावून रात्र काढली. सकाळी चूळ भरली तर पाणी लाल. हिरड्यांतून रक्त येत होते. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे हलवू दिले नाही. मग नळी तिरकी केली. निरोगी माणसाचे रक्त तोवर थिजून तळाला धरून बसते. वहिनीचे पाण्यासारखे वाहिले. मी शेजारीच उभा होतो, ते आजही डोळ्यांसमोर आहे. लस सुरू झाली आणि वहिनी वाचल्या, पण ती रात्र फुकट घालवायला नको होती.

चावल्यावर साप ओळखत बसू नका, मारून दवाखान्यात नेऊ तर नकाच. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असते. चावलेला हात किंवा पाय न हलवता, घट्ट न बांधता, चिरा न देता थेट दवाखाना गाठायचा.

गड्यांना गमबूट द्या. गडग्याचा दगड हाताने उचलण्याआधी पहारीने कलता करू दे, गवत आधी आकडीने ओढू दे. कात टपालाने परत पाठवत आहे. शेपटीची खालची बाजू पुतण्याला भिंगातून नक्की दाखवा.