शेवट गोड आहे, पण मधल्या दीड तासाचे काय?

प्रश्न : आम्हांला आठ वर्षांची मुलगी आणि साडेचार वर्षांचा मुलगा आहे. दोघांना एका कौटुंबिक साहसपटाला न्यावे, असा विचार आहे. प्रवासात हरवलेला पाळीव कुत्रा बर्फाळ डोंगर, पूर आलेली नदी आणि लांडग्यांची टोळी अशी संकटे पार करत कित्येक महिन्यांनी घरी पोहोचतो, अशी त्याची कथा आहे. वाटेत त्याला सोबत करणारा एक म्हातारा कुत्रा मरतो. चित्रपटाला सर्व वयोगटांसाठीचे प्रमाणपत्र आहे. मुलीला प्राण्यांचे वेड आहे. मुलगा मात्र मी थोडा वेळ नजरेआड झाले तरी कासावीस होतो. शेवट गोड असताना एवढी काळजी कशाला, असे माझ्या पतीचे म्हणणे आहे. दोघांना न्यावे का?
— एक वाचक

उत्तर : मुलीला अवश्य न्यावे; मुलाला या खेपेस नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्राचा उपयोग आहे, पण मर्यादित. भारतात २०२४ च्या नियमांनी ‘यूए’ म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या श्रेणीचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. ब्रिटनमध्ये ‘यू’ श्रेणीचा चित्रपट चार वर्षे व त्यापुढील प्रेक्षकांना योग्य असावा आणि ‘पीजी’ श्रेणीच्या चित्रपटाने साधारण आठ वर्षांच्या मुलाला अस्वस्थ करू नये, अशी अपेक्षा असते. मात्र ही सर्व मापे सर्वसाधारण मुलासाठी असतात. आई दिसेनाशी झाली की आपल्या मुलाचा जीव कसा होतो, हे प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्याही मंडळाला ठाऊक नसते. ते आपल्याला ठाऊक आहे, आणि या चित्रपटाच्या बाबतीत तीच माहिती निर्णायक आहे.

प्राण्यांच्या साहसपटात पालक बहुधा रक्त, दात आणि मारामारी शोधतात. लहान मुलाला खरा धक्का बसतो तो ताटातुटीचा. पडद्यावरचे पिल्लू लहान असते, त्याला बोलता येत नाही, ते दुसऱ्यावर अवलंबून असते. म्हणजे ते जवळजवळ प्रेक्षागृहात बसलेल्या त्या मुलासारखेच असते. १९४२ च्या ‘बॅम्बी’ या हरणाच्या पाडसावरील डिस्नेच्या चित्रपटात त्याच्या आईला गोळी लागताना दाखवलेलेच नाही. बंदुकीचा आवाज होतो आणि नंतर पाडस बर्फात आईला हाका मारत फिरते. तरीही लहानपणी पाहिलेला तो प्रसंग अनेकांच्या मनातून मोठेपणीही जात नाही. म्हणून चित्रपट पाहिलेल्या ओळखीच्या व्यक्तीला ‘भीतिदायक आहे का?’ असे मोघम विचारण्याऐवजी कोण कोणापासून तुटते, किती वेळ एकटे राहते, मधूनमधून हसण्याचे किंवा विसाव्याचे प्रसंग येतात का आणि मृत्यू प्रत्यक्ष दिसतो का, हे विचारावे. केवळ झलक पाहून अंदाज बांधू नये, कारण ती जुळवताना बहुधा सर्वांत थरारक किंवा सर्वांत गमतीचे तुकडेच निवडलेले असतात.

आता आपल्या पतींच्या मुद्द्याकडे वळतो. गोड शेवटाचा दिलासा मोठ्यांना आधीपासून मिळत असतो, कारण अशा कथा कुठे पोहोचतात ते आपल्याला माहीत असते. साडेचार वर्षांचे मूल मात्र समोरच्या प्रसंगातच असते. लांडगे दिसतात तेव्हा त्याच्यासाठी फक्त लांडगे असतात आणि कुत्रा एकटा असतो तेव्हा तो कायमचाच एकटा असतो. मुलांच्या भीतीचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या अमेरिकी संशोधक जोआन कँटर यांनी दाखवून दिले आहे की, शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुले मुख्यतः दिसण्याला घाबरतात, तर मोठी मुले प्रत्यक्षात काय घडू शकेल या विचाराने घाबरतात. म्हणूनच ‘हे खोटे असते’ हे समजावणे आपल्या मुलीला उपयोगी पडेल, पण मुलाला फारसे नाही. त्याला मांडीवर घेणे, हात धरणे किंवा सरळ बाहेर नेणे हाच उपाय आहे. त्यात चित्रपटगृहाचा अंधार आणि मोठा आवाज यांची भर पडते, जी चित्रपट कितीही निरागस असला तरी टळत नाही.

मुलाने हा चित्रपट कधीच पाहू नये, असे मात्र मी म्हणत नाही. वर्ष-दोन वर्षांनी घरी, दिवे चालू ठेवून, आवाज कमी करून आणि हवे तिथे थांबवत तो दाखवता येईल. कुत्रा शेवटी घरी येतो, हे त्याला सुरुवातीलाच सांगावे. एवढ्या लहान वयात शेवट आधी कळल्याने गोडी कमी होत नाही. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकण्याचा हट्ट ही मुले रोज करतातच.

मुलीशी बोलणे थोडे वेगळे असेल. मेलेला जीव परत येत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजू लागते, त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल ती नक्की विचारेल. त्या वेळी ‘तो मेला’ असेच शांतपणे सांगावे. ‘तो झोपला’ म्हटल्यास मुलांना झोपेचीच भीती वाटू शकते. तिचे डोळे भरून आले तर ते थांबवण्याची घाई करू नये, कारण प्राण्यावर माया असलेल्या मुलीला त्याच्यासाठी वाईट वाटणे स्वाभाविक आहे. अशा चित्रपटांतील एका गोष्टीची मला नेहमी काळजी वाटते, ती येथे सांगतो. पडद्यावरचा कुत्रा कोणालाही मिठी मारू देतो. खऱ्या अनोळखी कुत्र्याला गळ्यात पडलेले मूल सहन होईलच असे नाही आणि तो चावू शकतो. त्यामुळे मालकाला विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही आणि तो खात किंवा झोपलेला असताना जवळ जायचे नाही, हे तिला त्याच दिवशी सांगावे.

जागा मधल्या वाटेलगतची घ्यावी. मध्येच मुलीने बाहेर जाऊया म्हटले, तर तिकिटाचा विचार न करता उठावे, मात्र उरलेली गोष्ट घरी जाताना तिला पूर्ण सांगावी. नाही तर तिच्या मनातला तो कुत्रा रात्रभर बर्फातच अडकून राहील.