समुद्राजवळच्या पडवीचा सागवानी कठडा रंगवायला ब्रश, रोलर की स्प्रे?

वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरचं घर. वीस फुटांचा कठडा, चार खांब. दर उन्हाळ्यात ऑइलपेंट देता आणि श्रावणात पोपडे सुटतात, असं तुम्ही लिहिलंय. पेंटर स्प्रे सुचवतोय. माझं मत विचाराल तर स्प्रे नको. खाऱ्या वाऱ्यावर बराच रंग उडून जातो आणि जो बसतो तो वरवर, लाकडाच्या रेषांत शिरत नाही. प्रायमर तर ब्रशनेच घासून लावायला हवा. रोलर, तोही चार इंची फोमचा, फक्त सपाट फळीपुरता ठेवा, आणि त्यामागोमाग कोरड्या ब्रशचा हलका हात रेषेच्या दिशेने फिरवा, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत.

पोपड्यांचा दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. पाणी लाकडाच्या कापलेल्या टोकांतून आणि सांध्यांतून आत शिरतं. ऊन पडलं की ते बाहेर यायला बघतं आणि वरचा कडक थर उचलतं. कठड्याचा उभा गज खालच्या आडव्या पट्टीत बसतो ती जागा नीट बघा, पोपडा तिथूनच सुरू झालेला दिसेल.

त्यामुळे मे महिन्यात घाई करू नका. दिवाळीनंतर काम काढा, पावसाची ओल तोवर उतरते. सुटलेला रंग स्क्रेपरने काढा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण लाकडात अडकतात आणि नंतर गंजाचे डाग उमटतात. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, म्हणून त्याआधीचा थर कोरडा घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा. मग मीठ जाईस्तोवर गोड्या पाण्याने धुवा आणि चार-पाच दिवस कडक ऊन खाऊ द्या. लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर मिळाला तर १५ टक्क्यांच्या आत आकडा हवा. सुकल्यावर आधी ८० नंबरचा, मग १२० चा पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेनेच. धूळ कापडाने पुसा.

पहिला हात वुड प्रायमरचा, टर्पेंटाइन १५ टक्क्यांपर्यंत घालून पातळ केलेला. खांबाचं बूड, गजांची टोकं, खिळ्यांची भोकं इथे छोटा एक इंची ब्रश टोचून टोचून, लाकूड पिईल तेवढा प्रायमर पाजा. सगळ्या कामात हीच जागा सर्वांत मोलाची, आणि घाईत नेमकी हीच सुटते. रॉकेल मिसळायला निक्षून मनाई करा. त्याचा तेलकटपणा मागे राहतो, थर नीट वाळत नाही. प्रायमर रात्रभर वाळला की भेगांत लांबी (पुट्टी) भरा, ती सुकल्यावर १८० नंबरने घासा आणि लांबीवर पुन्हा प्रायमर फिरवा.

त्यावर बाहेरच्या वापराच्या इनॅमलचे, म्हणजे ऑइलपेंटचेच, दोन पातळ हात, मध्ये किमान चोवीस तास. एका जाड हाताने काम उरकलं तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. सकाळचं दव पूर्ण सुकल्यावर, साधारण दहानंतर सुरुवात करा आणि चारच्या आत ब्रश खाली ठेवा, नाहीतर ओल्या रंगावर दव बसून चकाकी मरते. गजांना दीड इंची, खांबांना अडीच-तीन इंची ब्रश घ्या. केस एक तृतीयांशच बुडवा.

लिटरला एका हाताचे साधारण शंभर चौरस फूट धरा. तीन फूट उंचीच्या कठड्याच्या दोन्ही बाजू आणि आठ फुटी, सहा इंची चौकोनी खांब मिळून पावणेदोनशे-एकशे नव्वद चौरस फूट होतात. म्हणजे प्रायमर दोन लिटर, इनॅमल चार लिटर.

स्क्रू सैल झालेले असतील तर रंगाच्या आधीच बदला, ३१६ ग्रेडचे (खाऱ्या हवेतही सहसा न गंजणारे) स्टेनलेस किंवा पितळी घ्या. साधे लोखंडी ठेवलेत तर त्यांच्या गंजाने रंग पुन्हा तिथूनच फुटेल.