झोपेच्या होमिओपॅथी गोळ्यांची खरी चाचणी कशी ओळखायची?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही अशोक चौकाकडे राहतो, शेजारी मागाचा खडखडाट असतो पण त्याची सवय आहे, सध्या झोप उडालीय ती मुलीच्या लग्नाच्या टेन्शनने, दोन-तीन आठवडे झाले असतील. मोठ्या नणंदबाई म्हणतात होमिओपॅथीची कॉफिया ३० गोळी घे, त्यांना आठवड्याभरात झोप लागायला लागली. गोळ्यांच्या पत्रकातही लिहिलंय की टेस्टमध्ये बहुतेकांना फरक पडला. धरायचं का खरं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, फरक पडला असेलच, नणंदबाई काही खोटं बोलत नाहीत. पण टेन्शनने गेलेली झोप बऱ्याचदा आपोआप परत येते, आणि माणूस गोळी घेतो कधी तर अगदीच असह्य झालं की, म्हणजे त्यानंतर बरं वाटायचाच चान्स जास्त! गोळी न घेता किती जणांना झोप लागली असती, हे त्या पत्रकात आहे का बघा. खऱ्या टेस्टमध्ये चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात, एकाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच कोरी साखरेची गोळी, आणि कुणाला काय दिलं ते घेणाऱ्यालाही माहीत नसतं, देणाऱ्यालाही नाही. असले अभ्यास तपासूनच ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सांगितलं की कुठल्याही आजारावर होमिओपॅथीचा गुण येतो असा भरवशाचा पुरावा नाही.

त्यात ही गोळी कच्च्या कॉफीच्या बियांची (झोप उडवणारी वस्तूच झोपेला, हे त्यांचं तत्त्वच), ती शंभरपट पातळ करायची, असं ३० वेळा, म्हणजे एकावर ६० शून्यं. बाराव्या वेळेलाच मूळ पदार्थाचा कण उरणं मुश्किल.

घरी बघायचंच असेल तर दुकानातून कोऱ्या गोळ्याही आणा, मुलीला दोन सारख्या बाटल्यांवर अ आणि ब लिहायला सांगा, कुठली कुठली ते तिनं गुपचूप लिहून ठेवायचं, तुम्ही रोज नाणं उडवून बाटली निवडा आणि सकाळी झोपेचं वहीत टिपा. एकट्या माणसावरून सिद्ध काही होत नाही, पण ऐकीव गोष्टीपेक्षा बरं.

दरम्यान दुपारनंतर चहा बंद, उठायची वेळ एकच ठेवा, झोप येत नसेल तर लोळत न पडता उठून बसा. आठवड्यातल्या निम्म्या रात्री अशाच जात राहिल्या आणि तीन महिने झाले तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर गोळ्यांशिवायची चांगली थेरपी आहे.

आणि बाटलीवर मदर टिंक्चर लिहिलं असेल तर थांबा, त्यात अर्क खरोखर असतो, अल्कोहोलही असतं, बीपीची किंवा झोपेची दुसरी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.