खुर्चीत बसायला आधी शीक

तलवारीची हौस समजते, पण आधी खुर्चीत नीट बसायला शीक. व्हीलचेअर फेन्सिंगमध्ये दोन्ही खुर्च्या चौकटीला जखडलेल्या असतात. मागे सरकायला वावच नाही. पायांचं काम धडानं करायचं. मी पहिलं वर्ष मनगटावरच घालवलं, आणि समोरचा नुसता मागे झुकून माझे वार हुकवत राहिला! रिकाम्या हातानं खुर्ची घट्ट धर, पुढे झेप घे, लगेच परत ये. बूड सीटवरून उचललं तर दंड.

फॉइल, एपी, सेबर या तिन्ही प्रकारच्या तलवारी हाताळून बघ. शरीराच्या हालचालीच्या क्षमतेनुसार खेळाडूंचं वर्गीकरण होतं; त्यात गट ए मिळाला की बी, यावर रुसू नकोस. बाद फेरी 15 टचची, म्हणजे 15 लागलेल्या वारांची, खांदा भरून येतो. दम आत्तापासून वाढव. आणि सरावाआधी चाकं चौकटीला जखडणारी पकड स्वतः हलवून बघ. माझी एकदा ऐन चढाईत सैल झाली होती.