नवीन लिहिताय ना, आधी एवढंच सांभाळा

भाऊ, पहिली गोष्ट, आपली अहिराणी, खानदेशातली बोली, म्हणजे चूक नाही. घरी डोया म्हणा, केयी म्हणा, लाजायचं काय त्यात, फक्त प्रमाण मराठीत अर्ज नाहीतर बातमी लिहायला बसलात की ळ जागेवर ठेवायचा, डोळा, केळी, बस. लोकांचं डोकं खरं फिरतं ते हिंदीतून उचललेल्या वाक्यांनी. 'माझी मदत कर' नाही, 'मला मदत कर'. आणि 'मी त्याला बोललो' म्हणजे त्याला झापलं हो! साधं सांगायचं असेल तर 'त्याला म्हणालो'.

मी पण काही कमी नव्हतो. भुसावळ रोडला काकांच्या गाडीसाठी पाटी रंगवली, 'आमचे येथे ताजे केळी मिळेल'. एका ओळीत तीन चुका, त्यात ऑइल पेंट, दोन वर्षं निघाली नाही. हवं होतं 'आमच्याकडे ताजी केळी मिळतील'.

सुरुवातीला हे पाठ करा:
- शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ: पाणी, कवी, गुरू. पण 'आणि' ऱ्हस्वच, आणि नेमका तोच सगळे चुकवतात.
- 'शुभेच्या' नाही, शुभेच्छा. 'आशिर्वाद' नाही, आशीर्वाद. लग्नपत्रिका छापायच्या आधी तरी बघत जा राव.

शुद्धलेखनाचे नियम एकूण १८ आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, ते नंतर निवांत वाचा. समासातले ऱ्हस्व-दीर्घ तर आत्ता अजिबात नको, घाबरून लिहिणंच सोडाल.